म्युझिक व्हिडिओ झाला पण अल्बमचं कव्हर त्याच्याशी जुळेना, काय करावं?

अर्धवट_ट्रायपॉड

हाय सगळ्यांना. मीडियाच्या कोर्सचं शेवटचं प्रोजेक्ट चाललंय, चौघांचा ग्रुप आहे, मित्राच्या बँडच्या गाण्यावर म्युझिक व्हिडिओ करायचा आणि त्याच्या जोडीला अल्बमचं पूर्ण आर्टवर्क द्यायचं, म्हणजे पुढचं कव्हर, मागची बाजू, आतली दोन पानं, डिस्कवरचं डिझाइन आणि एक जाहिरात असं सगळं. व्हिडिओ झालाय, एडिट लॉक आहे, ग्रेडिंग (रंगांचं काम) पण झालंय, आणि आपलाच आहे म्हणून नाही पण खरंच बरा झालाय. बोंब आहे ती कव्हरची.

व्हिडिओ काय आहे ते थोडक्यात सांगतो. एक मुलगी रात्रभर एक लाकडी खुर्ची ओढत फिरते, लांबलचक कॉरिडॉर, मग जिना, मग पार्किंग, मग गच्ची, पण कुठेच बसत नाही. शेवटी खुर्ची तिथेच सोडून निघून जाते. खुर्चीला आम्ही स्वतः लाल ऑइलपेंट मारला होता, बाकी सगळं ट्यूबलाइटचं हिरवट, अख्ख्या व्हिडिओत दुसरा लाल कुठेच नाही. अल्बमचं नाव ‘उभ्या उभ्या’.

तर कव्हरसाठी आधी गच्चीवरच्या शॉटमधली एक फ्रेम काढली, ती खुर्ची डोक्यावर धरून उभी आहे आणि मागे नुसतं आकाश. चौकोनी कापली, वर बँडचं नाव, खाली अल्बमचं नाव, झालं. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या हा स्क्रीनशॉट आहे, कव्हर कुठंय? बरं म्हटलं, मग आमच्यातल्या एकीने हाताने चित्र काढलं, चंद्र, वेली, त्यात मुलीचा अर्धा चेहरा, चित्र म्हणून एक नंबर. तर मॅडम म्हणतात छान आहे पण दुसऱ्याच कुणाचा तरी अल्बम वाटतोय. म्हणजे जवळ गेलं तरी बोलणी, लांब गेलं तरी बोलणी. मधलं काय असतं नक्की??

व्हिडिओतलीच फ्रेम वापरायची की वेगळे फोटो काढायचे? मुलीचा चेहरा कव्हरवर हवाच का? आणि साइझ वगैरेचं पण सांगा कोणी, प्रिंट काढून द्यायचंय. खुर्ची आणि ती मुलगी दोन्ही अजून हाताशी आहेत, गच्ची सोडून बाकी जागा पण परत मिळतील. सबमिशन डोक्यावर आलंय.

निळीशाई

तुमच्या मॅडमचं दोन्ही वेळा बरोबर आहे, फक्त त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं नाही. व्हिडिओ एका गाण्याचा असतो आणि कव्हर अख्ख्या अल्बमचं असतं. त्यामुळे कव्हरने त्या व्हिडिओची गोष्ट परत सांगायची गरजच नसते, गोष्ट सांगायला व्हिडिओकडे तीन-चार मिनिटं आहेत, आवाज आहे, हालचाल आहे, कव्हरकडे यातलं काहीच नाही. फ्रेम कापून चिकटवली की कव्हर म्हणजे थांबवलेला व्हिडिओ होतो, बघणाऱ्याला वाटतं आता प्लेचं बटण कुठाय. आणि चित्राच्या बाबतीत उलटं झालं, चंद्र आणि वेली आल्या कुठून? तुमच्या व्हिडिओत एकही गोलाई नसावी असं वर्णनावरून वाटतंय, कॉरिडॉर, जिना, खुर्ची, सगळं काटकोनात. तिथे वेली आल्या की जगच बदललं.

मी असं काम करताना एकच प्रश्न विचारते, व्हिडिओने काय दाखवलं नाही? त्याच जगातलं, त्याच रात्रीतलं, पण कॅमेऱ्याने न बघितलेलं असं काहीतरी.

तुझ्या वर्णनात मला सगळ्यात भारी शब्द कुठला वाटला सांगू, ‘ओढत’. उचलून नाही, ओढत. आणि खुर्चीला ऑइलपेंट मारलाय म्हणतोस, म्हणजे पायांच्या टोकाचा रंग निघाला असणार ना? फरशीवर ओरखडा उठला असेल आणि त्यात लाल कण राहिले असतील. व्हिडिओत हे बहुतेक दिसत नसेल, कारण कॅमेरा तिच्यावर असेल. मग पुढच्या कव्हरवर फक्त तो ओरखडा घ्या ना! हिरवट फरशी आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली एक खरखरीत रेघ, मधेमधे लाल. मुलगी नाही, खुर्ची पण नाही. ज्याने व्हिडिओ बघितला नाही त्याला प्रश्न पडेल हे काय आहे, ज्याने बघितलाय त्याला झटकन कळेल, आणि ही दोन माणसं वेगवेगळी आहेत हे लक्षात घेऊनच कव्हर करायचं असतं.

मग ती रेघ पुढच्या पानावरून कण्यावर (केसच्या अरुंद कडेवर), कण्यावरून मागे, तशीच चालू ठेवता येईल. मागे गाण्यांची नावं त्या रेघेच्या वर-खाली. उघडलं की आत रिकामा जिना किंवा पार्किंग, कोणी नाही. आणि डिस्क उचलली की तिच्याखाली पहिल्यांदा खुर्ची दिसते, पूर्ण लाल. डिस्कवर तोच ओरखडा गोल फिरवा, डिस्क फिरते म्हणून गोल, एवढं कारण पुरे आहे, जास्त स्पष्टीकरण देत बसू नका रिपोर्टमध्ये.

लाल मात्र जपून वापरा. व्हिडिओत खुर्चीशिवाय लाल नाही हा नियम तुम्हीच केलाय, तो कव्हरवर पण पाळा. बँडचं नाव लाल अक्षरात टाकायचा मोह होईल, टाकू नका.

रीळबाज

निळीशाईची आयडिया मस्त आहे पण मी थोडा विरोधात बोलतो. फ्रेम वापरली म्हणून कव्हर वाईट होत नाही, चुकीची फ्रेम वापरली म्हणून होतं. तुम्ही व्हिडिओतला सगळ्यात नाट्यमय क्षण उचललात, खुर्ची डोक्यावर, आकाश, हिरोइन पोझमध्ये. तो क्षण व्हिडिओत कमावलेला आहे, आधीच्या दोन-अडीच मिनिटांमुळे तो भारी वाटतो, सुटा काढला की तो सिनेमाचं पोस्टर होतो. फ्रेम निवडायचीच असेल तर दोन क्षणांच्या मधली निवडा. ती खुर्ची टेकवते आणि हात बदलते ना, तसलं काहीतरी.

दुसरं म्हणजे चेहरा. नवीन बँड आहे, कोणी ओळखत नाही, अशा वेळी चेहरा न दाखवणं ही चैन आहे. ओरखड्याचं कव्हर ज्यांचं नाव झालंय त्यांना परवडतं असं माझं मत. आणि मार्किंगच्या निकषात बऱ्याचदा कलाकाराची ओळख तिन्ही ठिकाणी, म्हणजे व्हिडिओ, कव्हर, जाहिरात, दिसावी असं काहीतरी असतं, ते एकदा वाचून घ्या आधी. तुमचं कागदपत्र काय म्हणतंय ते आम्हाला माहीत नाही.

बाकी व्हिडिओ किती रेझोल्यूशनला शूट केलाय? त्यावर अर्धं उत्तर अवलंबून आहे.

निळीशाई

@रीळबाज चेहऱ्याचं मान्य, पण व्हिडिओतली मुलगी बँडमध्ये आहे का? मला वाटतं ती ॲक्टर आहे, मग तिचा चेहरा दाखवून बँडची ओळख कशी होणार? हा घोळ खूप जण करतात, लोक कव्हरवरच्या मुलीलाच गायिका समजतात.

अर्धवट_ट्रायपॉड

हो हो ती आमच्याच वर्गातली आहे, बँडमध्ये तीन मुलं आहेत आणि व्हिडिओत ते एकदाच दिसतात, पार्किंगमध्ये. हे डोक्यातच आलं नव्हतं 😅

शूट 1080 ला आहे, 25 फ्रेम, शटर 1/50. आणि ओरखडा आहे!! आत्ताच जाऊन बघून आलो, कॉरिडॉरमध्ये अजून आहे, लाल पण आहे थोडा. मोबाइलवर फ्लॅश मारून फोटो काढला पण फोटोत काहीच दिसत नाहीये, नुसती चकचकीत फरशी.

छपाईघर

1080 म्हटल्यावर विषय संपला, कव्हरसाठी फ्रेम विसरा. हिशोब करून बघा. सीडीच्या साध्या प्लास्टिक केसचं पुढचं पान साधारण 120 बाय 120 मिमी असतं. चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरलं की 126. हे 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) म्हणजे जवळजवळ 1490 पिक्सेल पाहिजेत. तुमच्या फ्रेमची उंची 1080, त्यामुळे चौकोन काढला तर 1080 बाय 1080 च मिळणार, ते 126 मिमीवर ताणलं की 218 च्या आसपास डीपीआय. कागदावर 218 एकवेळ चालून जातं, मी खोटं कशाला बोलू, पण ते खरे 218 नसतातच. व्हिडिओ कॉम्प्रेस झालेला असतो, रंगाची माहिती तर बहुतेक कॅमेऱ्यांत ब्राइटनेसच्या चौथाईच साठवलेली असते, त्यामुळे लाल खुर्चीची कड हिरव्या भिंतीवर फाटलेली दिसणार. वरून 1/50 शटर, हात हलला की हात ब्लर. पडद्यावर तो ब्लर हवाच असतो, कागदावर तो निव्वळ चूक वाटतो.

आणि हेच कव्हर स्ट्रीमिंगला द्यायचं झालं तर तिथे चौकोनी, आरजीबी, साधारण 3000 बाय 3000 पिक्सेल मागतात. 1080 वरून 3000 वर नेणार म्हणजे पावणेतीन पट फुगवणार. 4के ला शूट केलं असतं तर चौकोन 2160 चा मिळाला असता, छपाईला आरामात पुरला असता.

वेगळे फोटो काढा. स्टिल कॅमेऱ्यावर.

रीळबाज

ओरखडा फ्लॅशने नाही दिसणार रे. वरून सरळ उजेड पडला की खड्डा आणि सपाट भाग सारखेच उजळतात. खोलगट भाग दाखवायचा तर उजेड बाजूने आणि अगदी जमिनीलगत पाहिजे. टॉर्च फरशीवर आडवा ठेव, ओरखड्याला साधारण काटकोनात, म्हणजे त्याच्या एका कडेला सावली पडेल, दुसरी कड चमकेल. मोबाइल नको, कोणाचा तरी कॅमेरा घे, ट्रायपॉडवर बरोबर वरून लाव (युजरनेम बघता जमेल तुला), आयएसओ कमी, शटर हवं तेवढं मोठं कारण काही हलत नाहीये.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर अजिबात ठेवू नका. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा हिरवटपणा चूक समजून काढून टाकतो आणि तुमच्या व्हिडिओची ओळखच तर तो हिरवटपणा आहे. व्हिडिओ शूट करताना जे केल्विन सेट केलं होतं तेच ठेवा. आणि ट्यूबलाइटखाली शटर फार फास्ट ठेवलं तर फोटोत पट्टे येतात, तेही लक्षात असू द्या.

ग्रेडिंग जुळवायला सोपा रस्ता सांगतो. दाविंची रिझॉल्व्हमध्ये केलं असेल तर त्या क्लिपवरून लट (LUT, रंग कसे बदलायचे त्याचं तयार कोष्टक) एक्स्पोर्ट करता येतो, क्यूब फाइल मिळते, ती फोटोशॉपमध्ये कलर लुकअप लेयर घेऊन त्यात लोड करा. तंतोतंत नाही जुळणार, कारण फोटोची सुरुवातच वेगळ्या रंगांपासून होते, लॉगमध्ये, म्हणजे मुद्दाम फिक्या सपाट रंगांत, शूट केलं असेल तर अजूनच लांब जाईल, तेव्हा लेयरची ओपॅसिटी कमी करून आणि खाली एक कर्व्ह टाकून जुळवत बसा. शेजारी व्हिडिओची फ्रेम उघडी ठेवा आणि डोळ्याने मॅच करा, आकड्यांनी नको.

छपाईघर

रंगावरून आठवलं. तो ट्यूबलाइटचा हिरवा स्क्रीनवर जसा चमकतोय तसा छापून येणार नाही. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद फक्त परत फेकतो. आरजीबीतले (स्क्रीनचे रंग) झगझगीत हिरवे-निळे सीएमवायकेत (छपाईच्या चार शाया) बसतच नाहीत, मळकट होतात. फोटोशॉपमध्ये प्रूफ कलर्स चालू करून काम करा, म्हणजे शेवटी धक्का बसणार नाही. आणि रात्रीचा सीन आहे म्हणून अर्धं पान काळं असेल तर मधले टोन थोडे उचला, स्क्रीनवर जरा फिकं वाटलं तरी चालेल, छापल्यावर सगळं एक पायरी खाली जातं. मोठ्या काळ्या भागाला नुसता के 100 (फक्त काळी शाई) दिला तर करडा दिसतो, त्यात थोडे बाकीचे रंग मिसळा, पण बारीक अक्षरं मात्र नुसत्या काळ्यातच ठेवा, चार रंगांत छापली की प्लेट केसभर हलली तरी अक्षराला रंगीत भूत लागतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं, कॉलेजच्या प्रिंटरवर आज एक ट्रायल काढा. आज म्हणजे आजच. मोबाइलवर बघून ‘मस्त आलंय’ म्हणणाऱ्यांची फाइलच शेवटच्या रात्री आमच्याकडे येते.

सुरेल_गोंधळ

मी बँडवाल्यांच्या बाजूने बोलते. निळीशाई म्हणाली ते की कव्हर अख्ख्या अल्बमचं असतं, मग बाकीची गाणी कशी आहेत ते कोणी विचारलंच नाही. सगळी रात्रीची आणि उदास असतील तर ओरखडा ठीक, पण चार गाणी नाचायची असतील तर? बँडला विचारा, गाणी सगळी ऐका, निदान मागच्या बाजूला तरी त्याचा अंदाज येऊ द्या.

आणि बजेट नाही म्हणून रडू नका. 1950-60 च्या दशकात ब्लू नोट या जॅझच्या लेबलसाठी रीड माइल्सने जी कव्हरं केली ती एकदा बघाच. फोटो बहुतेक फ्रान्सिस वुल्फचे, रेकॉर्डिंगच्या वेळी काढलेले, आणि खर्च वाचवायला कितीतरी कव्हरं फक्त काळा अधिक एक रंग अशी छापलेली. माइल्स फोटो इतका निर्दयपणे कापायचा की कधीकधी नुसता हात आणि वाद्याचा तुकडा उरायचा, आणि राहिलेल्या जागेत अक्षरं. तेव्हा एखादी फ्रेम वापरायचीच असेल तर हा मार्ग आहे, एका रंगात न्या, मोठे हाफटोन ठिपके करा, मग रेझोल्यूशन कमी आहे हे कोणाच्या लक्षात पण येत नाही कारण ठिपके मुद्दामच दिसतायत. बँडची पार्किंगमधली फ्रेम अशी आतल्या पानावर टाकता येईल, चेहऱ्यांचा प्रश्न पण सुटेल.

छपाईघर

@सुरेल_गोंधळ हे चालेल. ठिपके एवढे मोठे ठेवा की ते मुद्दाम केलेत हे कळलं पाहिजे, बारीक ठेवले तर छपाईच्या स्वतःच्या ठिपक्यांशी भांडतात आणि लहरी लहरी पॅटर्न येतो.

अर्धवट_ट्रायपॉड

अरे तुम्ही लोक कमाल आहात. टॉर्चवाली युक्ती चालली, ओरखडा डेंजर दिसतोय, नदीसारखा. बँडला विचारलं, बाकीची गाणी पण साधारण याच मूडची आहेत, एकच फास्ट आहे. आणि ग्रुपमध्ये आता सगळे रेघेच्या बाजूने आहेत, चित्रवाली थोडी नाराज आहे पण ती म्हणाली आतल्या पानावरचे गाण्याचे शब्द मी हाताने लिहिते, तर ते पण चांगलंच होईल.

आता अक्षरांचा प्रॉब्लेम. ‘उभ्या उभ्या’ फोटोशॉपमध्ये टाइप केलं की भ तुटतो, खाली हलंत दिसतो आणि ‘या’ वेगळा पडतो. आणि थोडं मोकळं मोकळं दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर वरची रेघ तुटतेय. फॉन्ट कुठला घ्यावा? एक फुकटचा खूप आवडलाय, तुटक्या ब्रशसारखा, पण त्यावर पर्सनल यूज लिहिलंय.

वळणदार

शेवटी माझ्या कामाचं काहीतरी आलं.

भ तुटतो तो फॉन्टचा दोष नाही, फोटोशॉपची सेटिंग आहे. प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे टेक्स्ट इंजिन वर्ल्ड-रेडी करा, मग नवीन डॉक्युमेंट उघडून परत टाइप करा, जोडाक्षरं जुळतील. जुन्या व्हर्जनमध्ये त्याच जागी मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं नाव दिसेल. नव्या व्हर्जनमध्ये हा पर्याय दिसत नसेल किंवा तरी ऐकलं नाही तर परिच्छेदाच्या पॅनलमधला कंपोझर वर्ल्ड-रेडी आहे का ते बघा.

अंतराचं म्हणशील तर देवनागरीत ट्रॅकिंग वाढवायचं नाही, मुळातच नाही. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात म्हणून त्यांना मोकळं केलं की ऐटदार दिसतात, आपली अक्षरं शिरोरेघेला लटकलेली असतात, ती तुटली की शब्द विस्कटतो. मोकळेपणा हवा तर अक्षर लहान कर आणि भोवती रिकामी जागा सोड.

पण तुमच्याकडे एवढी मोठी रेघ आयती पडलेली असताना शिरोरेघ वेगळी कशाला काढताय? ओरखडाच शिरोरेघ करा की. फॉन्टमधून अक्षरं आउटलाइन करून (म्हणजे अक्षराचा आकार बनवून) घ्या, वरची रेघ कापून टाका, आणि उरलेली अक्षरं त्या ओरखड्याला खालून टांगा. ओरखडा साधारण आडवा असेल तर जमेल, फार तिरका असेल तर फोटो फिरवून घ्या. दोन गोष्टी सांभाळा. एक, दोन शब्दांच्या मधे ओरखडा सलग गेला तर ‘उभ्याउभ्या’ असा एकच शब्द वाचला जाईल, तेव्हा मधलं अंतर नेहमीपेक्षा बरंच जास्त ठेवा. दुसरं, उ खाली येतो, काना खाली येतो, पण ओरखड्याच्या वर या नावात काहीच जात नाही, नशीबवान आहात, वेलांट्या-मात्रा असत्या तर डोकेदुखी झाली असती.

फॉन्ट साधा, जाड, सरळ घ्या. मुक्त (Mukta) किंवा बलू (Baloo) हे फॉन्ट बघा, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, अल्बमवर वापरले तरी कोणी विचारणार नाही. मुक्त जास्त शोभेल, बलू गोलसर आहे, आणि निळीशाईने वर म्हटलंय तसं तुमच्याकडे गोल काही नाही. ब्रशवाला फॉन्ट सोडा. पर्सनल यूज म्हणजे घरी खेळायला, बँड उद्या खरंच हा अल्बम विकायला लागला तर लायसन्स विकत घ्यावं लागेल. शिवाय ओरखडा खरा आहे, त्याच्या शेजारी खोटा खरखरीत फॉन्ट ठेवला की दोन्ही खोटे वाटतात.

रीळबाज

शिरोरेघेची आयडिया ऐकून मी माझा चेहऱ्याचा हट्ट मागे घेतो. फक्त हे मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघा. प्लेलिस्टमध्ये कव्हर तेवढंच दिसतं. अक्षर नाही वाचता आलं तरी चालेल, नाव शेजारी लिहिलेलं असतंच, पण रेघ दिसली पाहिजे. ती केसासारखी वाटत असेल तर फोटो अजून जवळून घ्या, म्हणजे ओरखडा जाड होईल.

आणि फोटो काढायला जाताय तर तिथल्या तिथे उभा व्हिडिओ पण काढून ठेवा, टॉर्च हळूहळू बाजूला सरकवत, सावली हलताना. स्पॉटिफायवर गाण्यामागे 3 ते 8 सेकंदांचा उभा लूप लावता येतो, त्याला कामाला येईल. मार्क मिळोत न मिळोत, बँड खूश होईल.

अर्धवट_ट्रायपॉड

टांगलेली अक्षरं करून बघितली, वेड लागलंय सगळ्यांना. मॅडमना अजून दाखवलं नाहीये.

शेवटचे दोन-तीन बारीक प्रश्न. मागे बारकोड पाहिजे ना? तो लाल केला तर चालेल का, म्हणजे नियमात बसतंय असं बाकीचे म्हणतायत, खुर्चीसारखा. कण्यावर काय लिहायचं आणि कुठल्या दिशेने? आणि रेघ पुढून मागे सलग नेताना कण्यावर नीट जुळेल का?

निळीशाई

बारकोड लाल नको, नियम खुर्चीचा आहे, बारकोडचा नाही. हट्टाने पाळायचा तो असाच.

छपाईघर

लाल बारकोड वाचलाच जाणार नाही. बरेच स्कॅनर लाल उजेड टाकतात, लाल उजेडात लाल पट्ट्या आणि पांढरा कागद सारखेच दिसतात, म्हणजे मशीनच्या दृष्टीने तिथे कोरा कागद आहे. काळ्या पट्ट्या पांढऱ्यावर, एवढंच. मूळ साइझ दोन्ही बाजूंची रिकामी जागा धरून 37.29 बाय 25.93 मिमी, 80 टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, त्याखाली नको. प्रोजेक्ट असला तरी दुसऱ्या कुठल्या वस्तूचा खरा बारकोड उचलून टाकू नका, दिसायला बारकोड आहे एवढं पुरेल. त्याच्या शेजारी वर्तुळातला सी आणि वर्तुळातला पी अशा दोन ओळी येतात, सी आर्टवर्क आणि छापील मजकुराच्या हक्काचा, पी रेकॉर्डिंगच्या हक्काचा, बरेच विद्यार्थी दोन्हीकडे सीच टाकतात. फोटो कोणी काढला, अक्षरं कोणी लिहिली, तेही तिथेच टाका.

कण्यावर बँडचं नाव आणि अल्बमचं नाव, बस. अक्षरं वरून खाली वाचता आली पाहिजेत, म्हणजे केस पुढची बाजू वर करून टेबलावर आडवी ठेवली की कण्यावरचं सरळ वाचता येईल. साध्या प्लास्टिक केसच्या मागच्या कागदाला दोन कणे असतात, पूर्ण कागद साधारण 151 बाय 118 मिमी, त्यात दोन्हीकडे साडेसहा-साडेसहा मिमी कणा. दोन्हीवर तेच लिहायचं. आणि त्या केसमध्ये पुढचं पान आणि मागचा कागद हे दोन वेगळे कागद असतात, मधे प्लास्टिक, त्यामुळे रेघ तिथे सलग दिसणारच नाही. रेघ हवीच असेल तर पुठ्ठ्याचा डिजिपॅक करा, तो एकाच पुठ्ठ्याचा दुमडलेला असतो. त्याचं माप प्रत्येक प्रेसचं थोडं वेगळं, आधी त्यांच्याकडून टेम्प्लेट मागून घ्या, आमच्या आकड्यांवर जाऊ नका.

डिजिपॅकला घडी एखाद मिमी इकडेतिकडे होते, ते धरूनच चाला. रेघ कण्याला जिथे ओलांडते तिथे ती शक्यतो काटकोनात जाऊ द्या, म्हणजे घडी सरकली तरी कळत नाही. तिरकी नेली तर कण्यावर मजकुराच्या अंगावर चढेल. वळणदारने सांगितलेली टांगलेली अक्षरं घडीपासून निदान 5 मिमी लांब ठेवा.

डिस्कवर ओरखडा गोल फिरवताय तर डिस्क 120 मिमीची असते पण छपाई अगदी कडेपर्यंत जात नाही, आणि मधे 15 मिमीचं भोक, त्याभोवती पारदर्शक कडं. त्या कड्यावर छापलं तर खाली पांढरा बेस आहे की नाही यावर रंग बदलतो, म्हणून रेघ त्याच्या बाहेरच ठेवा. डिस्कखाली खुर्ची टाकताय म्हणालात ना निळीशाईच्या सांगण्यावरून, तिथे पारदर्शक ट्रे आहे का ते प्रेसला विचारा, काळा किंवा पांढरा ट्रे आला तर खुर्ची कोणालाच दिसणार नाही.

पीडीएफ देताना सगळी अक्षरं आउटलाइन करा, आणि आउटलाइन न केलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा, कारण बँडवाले गाण्यांचा क्रम शेवटच्या क्षणी बदलतात, बदलतातच.

सुरेल_गोंधळ

बदलतात 😂 आम्ही काल बदलला.